तीन हाका

मकरपुऱ्याच्या खोलीत रात्री दोन वाजता
एसी एवढा घोंघावतो
की स्वतःशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं.
फोनवर पलीकडे, रावपुऱ्याहून केतुल:
"मृदुलाबेन, मारी बाजुथी रेडी."
आमच्या मधे विश्वामित्री,
पुलाच्या पोटाशी बांधलेली फायबर,
आणि खाली मगरी, ज्यांचं आमच्या बँकेत खातं नाही.

मागल्या मंगळवारी ती तुटली
आणि दिवा दोन्हीकडे हिरवाच राहिला.
वाटेत दुसऱ्या कंपनीचा एक डबा आहे,
तो दोघांनाही सांगत बसला: आहे, आहे, सगळं आहे.
राउटरने शेजाऱ्याची वाट पाहिली
चाळीस सेकंद, नेमून दिलेली.
तेवढ्यात दांडिया बाजारातल्या एटीएमसमोर
एका गृहस्थांच्या खात्यातून चार हजार गेले
आणि हातात आले नाहीत.
तक्रारीच्या वहीत, मोडी वळणाच्या अक्षरात, त्यांनी लिहिलं:
"यंत्र विचारात पडले."

म्हणून आजची ही रात्र.
दिव्याला विचारायचं नाही. हाक मारायची.
तिकडची हाक येतेय तोवर शेजारी आहे.
लागोपाठ तीन चुकल्या की नाही.
मग शोक नको, चौकशी नको,
सगळा माल आजवा रोडच्या लांबच्या वाटेने.

मी माझ्या बाजूने लिहिलं. पडदा म्हणाला: डाउन.
म्हणणारच, केतुलने अजून लिहिलं नव्हतं.
एका बाजूने शेजार होत नाही,
हे आमच्या सोसायटीत पाचशे तीन नंबरवाल्यांनाही
अकरा वर्षांत समजलेलं नाही.
त्याने लिहिलं. डाउन, इनिट,
अप.

आणि मला मोह झाला.
पन्नास मिलीसेकंदांना एक हाक, तीन चुकल्या की संपलं.
पापणी लवायच्या आत निकाल!
सव्वादोनला रावपुऱ्याच्या स्विचला जरा जास्त काम पडलं,
दम खायला थांबला असेल बिचारा,
तर मी इकडे त्याला मेलेला धरलं.
मग जिवंत. मग मेलेला. परत जिवंत.
नोंदीत नऊ वेळा.
"बेन, आटली बधी उतावळ?" केतुल हसला.
मी हसले नाही. पन्नासाचे तीनशे केले.
तीनशे गुणिले तीन, सेकंदाला थोडं कमी.
एवढा धीर धरता येतो.

"आता ओढ," म्हटलं. त्याने ओढली.
माझ्याकडे दिवा हिरवा, आणि तरी
वाट बदलली. पिंगची एक ओळ गळली, दुसरी सरळ आली.
एटीएमला कळलंही नसेल.

याच सगळ्यात मला जाणवलं, शिट्टी वाजली नाही.
भूपतकाका गेटवर असतात, दर अर्ध्या तासाला फेरी
आणि फेरीला एक शिट्टी, एसीलाही भेदून येणारी.
दोनची ऐकली होती.
अडीचची नाही. तीनची नाही.
घड्याळात साडेतीन वाजून पाच मिनिटं.
तीन.

मोज्यांवरच जिना उतरले.
काका खुर्चीत, डोळे उघडे,
शिट्टी उलटी करून तळहातावर आपटत होते.
"अंदर दाणो चोंटी गयो छे," म्हणाले.
तिन्ही फेऱ्या झाल्या होत्या. भिंतीमागच्या कचऱ्यापर्यंत.
तिन्ही वेळा गाल फुगवून फुंकलं होतं,
नुसती हवा गेली.

मी तिथे पायरीवर बसले.
स्विचला जिना नाही. तो उतरून बघणार कसा,
की समोरचा गेलाय
की फक्त त्याचा दाणा अडकलाय?

काकांनी पिन मागितली. केसातली काढून दिली.
बराच वेळ टोकरत बसले, थुंकी पुसली, उजेडात धरून पाहिली,
आणि पावणेचारला, कसलीच वेळ नसताना,
एक सणसणीत.
कुत्री उठली. फोन हातात चालूच होता.
"शुं वाग्युं?" केतुलने विचारलं.
"अप," मी म्हटलं.